लीनता आणि आत्मनिंदा

ख्रिस्ती प्रार्थनासभेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगायला, उभे राहिलो की आपल्यापैकी बरेच जण एकाच वाक्याने सुरुवात करतात : "मी अगदी अपात्र, पापी माणूस आहे." हे वाक्य लीनतेतून येऊ शकते, तसेच ते गर्वातूनही येऊ शकते. शब्द तेच असल्यामुळे ऐकणाऱ्याला फरक उमगत नाही, आणि बोलणाऱ्याला तरी तो उमगलेला असतो असे खात्रीने म्हणवत नाही.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली घालून दिली, तिच्या 7व्या प्रकरणात लीनतेच्या 12 पायऱ्या आहेत. पुढे बाराव्या शतकात फ्रान्समधील क्लेअरव्हो मठाचे प्रमुख बर्नार्ड यांनी त्या उलट्या बाजूने पाहून गर्वाच्या 12 पायऱ्या मांडल्या. त्यांतली नववी पायरी आहे खोटी पापकबुली. या पायरीवरचा माणूस आपला दोष लपवत नाही, उलट तो फुगवून सांगतो, कारण कबुली देणाऱ्याला लोक नम्र समजतात हे त्याला ठाऊक असते. याची परीक्षा कडक शब्दांत कानउघाडणी झाली किंवा जड प्रायश्चित्त मिळाले की होते, असे बर्नार्ड सांगतात : ज्याचा पश्चात्ताप खरा असतो तो ते सोसतो, आणि ज्याने सोंग घेतलेले असते तो कुरकुरू लागतो.

हे मी अगदी जवळून पाहिले आहे. आमच्या घरगुती सभेत तबला वाजवणारे एक गृहस्थ दर वेळी साक्षीत स्वतःला धुळीहून क्षुद्र म्हणवून घेत. एकदा कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने, तेही हळू आवाजात, "काका, दुसऱ्या कडव्यात लय वाढतेय" असे म्हटले. काकांनी हातोडी पिशवीत टाकली आणि पुढचे तीन बुधवार ते आलेच नाहीत. धुळीहून क्षुद्र असणे त्यांना चालत होते, पण लय चुकणे चालले नाही. (हसण्यापूर्वी सांगितले पाहिजे की माझ्या लेखनातली चूक कोणी दाखवली की माझेही तोंड असेच उतरते.)

यातून एक खूण हाती लागते. आत्मनिंदा नेहमी मोघम असते. धूळ, कीटक, नालायक अशा शब्दांना कोणी पुरावा मागत नाही आणि त्यांतून काही सुधारावेही लागत नाही. लीनता मात्र नेमके बोलते. बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात पत्रलेखक पौल स्वतःला प्रेषितांमध्ये कनिष्ठ म्हणवतो आणि लगेच कारणही देतो : आपण देवाच्या मंडळीचा छळ केला होता. पण तो तेथे थांबत नाही. पुढच्याच वचनात, आपण इतर सर्वांपेक्षा अधिक श्रम केले, असेही तो सांगतो आणि त्या श्रमांचे श्रेय देवाच्या कृपेला देतो. आत्मनिंदेला हे दुसरे वाक्य उच्चारताच येत नाही, कारण स्वतःविषयीचे खरे सांगण्यापेक्षा स्वतः कसे दिसतो याकडेच तिचे लक्ष असते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच कारणासाठी मला महत्त्वाचे वाटते. कोलकात्यात 1878 साली ज्या स्त्रीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, तिने "मला काय येते?" असे म्हटले असते तर ते खोटेच ठरले असते. रमाबाईंनी विद्या नाकारली नाही. केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर करायला घेतले. ते करताना ज्यांच्या संस्कृत पांडित्याने विद्वान थक्क झाले होते, त्याच रमाबाईंनी मराठी मुद्दाम सोपी ठेवली, म्हणजे फारसे न शिकलेल्या बायकांनाही ते वाचता यावे. 1922 साली मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी ते काम पुरे झाले. आपले पांडित्य कमी दाखवावे म्हणून ही भाषा सोपी झालेली नाही. वाचणारी बाई डोळ्यांसमोर असल्यामुळे ती सोपी झाली आहे.

स्तुती ऐकताना हाच फरक घरातही दिसतो. प्रवचन चांगले झाले असे कोणी म्हणाले की "छे छे, मी कुठला!" असे उत्तर येते, आणि समोरच्याला तीच स्तुती आणखी दोनदा, अधिक जोर देऊन करावी लागते. "आभारी आहे, तुम्हाला उपयोग झाला हे बरे वाटले" एवढे म्हणून त्याची खुशाली विचारली, तर बोलणे स्वतःवरून तेथल्या तेथे हलते.