दोन तारा उतरवल्या की...

युरोपात व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई अशा लावतात. प्रत्येक तार शेजारच्या तारेच्या पंचमात. कैरोच्या अरबी परंपरेतला वादक मात्र वरच्या दोन तारा एकेक स्वर उतरवून जी, डी, जी, डी असा मेळ जमवतो. तुर्की संगीत वाजवणारे अनेक जण फक्त ई उतरवून डी करतात. अरबी मेळ आपल्या भाषेत सांगायचा तर सा-प-सा-प. कर्नाटक संगीतातही व्हायोलिन असंच लावतात!

एवढ्याशा बदलाने वाद्याचा आवाज का पालटतो? खालची जी सेकंदाला 196 वेळा कंप पावते, पण तिच्यात दुप्पट (392) आणि तिप्पट (588) कंपनांचे उपस्वरही असतात. 392 ही वरची जी, तर 588 जवळजवळ वरची डी. त्यामुळे खालच्या तारेवर गज फिरला की वरच्या तारा हात न लावता थरथरतात, सतारीच्या तरफांसारख्या. युरोपीय मेळात खालच्या कुठल्याच तारेच्या उपस्वरांत वरच्या तारेचा मूळ स्वर येत नाही. मला या मेळातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते: वाद्य स्वतःच स्वतःला आस देतं.

एक स्वर उतरवताना तारेचा ताण सुमारे 21 टक्क्यांनी घटतो, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ईचा तीक्ष्णपणा त्यामुळे मऊ होतो.

बोटांचीही सोय होते. खालच्या जोडीवर वाजवलेली जागा वरच्या जोडीवर त्याच बोटाने सप्तकभर वर मिळते. सूक्ष्म स्वरांसाठी हे फार मोलाचं, कारण ‘रास्त’ या मकामातला (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वररचना) अरबी गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधारांच्या साधारण मध्ये बसतो. तुर्की सिद्धांतात एका स्वराचे नऊ ‘कोमा’ धरतात आणि तिथला रास्तचा गंधार बराच चढा, जवळजवळ तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधाराएवढा. सप्तकाचे 24 समान भाग करावेत का, यावर 1932 च्या कैरो संगीत परिषदेत बराच वाद झाला. व्हायोलिनला पडदेच नाहीत, म्हणून त्यावर दोन्ही गंधार निघतात.

घरी व्हायोलिन असेल तर वरच्या दोन तारा उतरवा. वरच्या जीच्या मधोमध कागदाचा दुमडलेला चिटोरा अडकवा आणि खालची जी गजाने सावकाश ओढा. मेळ अचूक लागला असेल तर चिटोरा थरथरू लागतो.