टेन्युअर आणि प्रमोशनसाठीचा टीचिंग पोर्टफोलिओ

टीचिंग पोर्टफोलिओ म्हणजे प्राध्यापकाने स्वतःच्या शिकवण्यावर तयार केलेली फाईल, ज्यात आपण काय शिकवतो, कसं आणि का शिकवतो आणि त्यातून मुलं खरंच काय शिकली हे पुराव्यासकट मांडलेलं असतं. अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांत टेन्युअरची, म्हणजे कायमस्वरूपी नेमणुकीची, केस साधारण रिसर्च, टीचिंग आणि सर्व्हिस (कमिट्यांसारखी विद्यापीठासाठीची कामं) या तीन गोष्टींवर तपासली जाते, आणि टीचिंगची बाजू मुख्यतः या फाईलवर उभी असते. कॅनडात हिला टीचिंग डॉसिए म्हणतात, कल्पना मूळची तिथलीच, तिथल्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने ती पुढे आणली. अमेरिकेत ती १९९० नंतर जोरात पसरली, त्याच वर्षी कार्नेगी फाउंडेशनच्या अर्नेस्ट बॉयर यांच्या रिपोर्टने शिकवणं हेही विद्वत्तेचंच काम आहे असं ठामपणे मांडलं होतं.

वेळेचं गणित आधी समजून घ्यायला हवं. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेच्या १९४० च्या निवेदनात प्रोबेशन जास्तीत जास्त सात वर्षांचं असावं असं म्हटलंय, म्हणून बहुतेक ठिकाणी केस सहाव्या वर्षी जाते आणि नकार आला तर साधारण एक शेवटचं वर्ष मिळतं. मध्ये तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक रिव्ह्यू होतो. फाईल आधी डिपार्टमेंटच्या कमिटीकडे, मग चेअर (विभागप्रमुख), कॉलेजची कमिटी, डीन आणि प्रोव्होस्ट (विद्यापीठाचा मुख्य शैक्षणिक अधिकारी) अशी वर सरकत जाते, म्हणजे ती वाचणारे बरेचजण तुमच्या विषयातले नसतात. केमिस्ट्रीवाल्याची फाईल इतिहासवाला वाचतो, त्यामुळे विषयातली परिभाषा कमी आणि मुलं नेमकी कुठे अडतात ते जास्त लिहिलेलं बरं.

फाईलचा गाभा म्हणजे काही पानांचं निवेदन, बाकी सगळं परिशिष्टात. निवेदनात कुठले कोर्स घेतले, कुठल्या लेव्हलचे, किती मुलं, कंपल्सरी की ऐच्छिक हे येतं, मग टीचिंग फिलॉसॉफी (शिकवण्यामागचा आपला विचार), नवे किंवा बदललेले कोर्स, थीसिसचं मार्गदर्शन, टीचिंग असिस्टंटना दिलेलं ट्रेनिंग, आणि पुढे काय करायचंय. परिशिष्टात सिलॅबस, असाइनमेंट, मुलांचं तपासलेलं काम, फीडबॅकचे रिपोर्ट, सहकाऱ्यांनी तास पाहून लिहिलेली पत्रं.

फिलॉसॉफीच्या पानावर सगळ्यात जास्त पोकळ लिखाण होतं. "मी विद्यार्थीकेंद्रित शिक्षणावर विश्वास ठेवतो" हे वाक्य कमिटी प्रत्येक फाईलमध्ये वाचते आणि त्यातून तिला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं की स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या कोर्समध्ये मुलं फॉर्म्युला बरोबर वापरायची पण आलेल्या उत्तराचा अर्थ सांगता यायचा नाही, म्हणून दर आठवड्याला एक पानभर अर्थ लिहून आणायला लावलं, पहिल्या आठवड्याचं पान आणि बाराव्या आठवड्याचं पान परिशिष्टात शेजारी शेजारी लावलंय, बघा. दावा, त्यासाठी केलेला बदल आणि त्याचा पुरावा हे तीन एकमेकांना जोडलेले असले की फाईल बोलते. नुसती कागदांची जाडी वाढवून काही होत नाही, उलट चांगला पुरावा त्यात हरवतो. परिशिष्टातल्या प्रत्येक कागदाचा उल्लेख निवेदनात कुठेतरी असावा, नसेल तर तो कागद काढून टाकावा.

आता मुलांच्या फीडबॅकबद्दल, कारण सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो. अनेक कमिट्या पाचपैकी आलेल्या सरासरीकडे बघून मोकळ्या होतात, पण पंधरा जणांच्या वर्गात सहा जणांनीच फॉर्म भरला असेल तर ४.१ आणि ४.४ मधल्या फरकाला काही अर्थ नाही. २०१५ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात ऑनलाइन कोर्सच्या शिक्षकांनी काही गटांना आपण पुरुष आणि काहींना स्त्री असल्याचं भासवलं, शिकवणारा तोच असूनही पुरुष समजलेल्याला जास्त गुण मिळाले. टोरोंटोच्या रायरसन विद्यापीठाच्या (आता टोरोंटो मेट्रोपॉलिटन) वादात २०१८ मध्ये लवादाने निकाल दिला की टेन्युअर आणि प्रमोशनसाठी शिकवण्याची परिणामकारकता मोजायला हे फॉर्म वापरू नयेत. तरीही बऱ्याच ठिकाणी ते फाईलमध्ये द्यावेच लागतात, मग ते द्यायचे कसे हे महत्त्वाचं. किती जणांनी उत्तर दिलं ते लिहावं, एकाच सेमिस्टरचा आकडा न देता चार-पाच वर्षांचा कल दाखवावा, आणि वारंवार आलेली एखादी तक्रार लपवण्यापेक्षा तिच्यावर काय केलं ते सांगावं. फक्त गोड कॉमेंट निवडून लावलेल्या असल्या तर अनुभवी वाचकाला ते लगेच कळतं आणि बाकीच्या फाईलवरचाही विश्वास उडतो.

सहकाऱ्याने तास पाहणं हा त्यापेक्षा भरवशाचा पुरावा होऊ शकतो, पण एकदाच येऊन "तास छान झाला" असं लिहिलेलं पत्र कमकुवत पडतं. आधी भेटून तासाचा हेतू सांगायचा, तास झाल्यावर चर्चा करायची, आणि शक्य असेल तर पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा यायला हवा, म्हणजे पत्रात बदल दिसतो.

मुलांचं काम जोडताना नावं काढून टाकायची आणि लेखी परवानगी घ्यायची. अमेरिकेत १९७४ च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना संरक्षण दिलंय, त्यामुळे हे ऐच्छिक सौजन्य म्हणून सोडून देता येत नाही. परवानगी त्याच सेमिस्टरमध्ये, शक्यतो ग्रेड लागल्यानंतर मागावी, म्हणजे मुलांवर दबाव येत नाही, पुढे मुलं पास होऊन गेल्यावर त्यांना शोधणं फार अवघड. याच कारणाने फाईल पहिल्या वर्षापासून जमवायची असते, दर सेमिस्टरच्या शेवटी कोर्समध्ये काय बदललं आणि का यावर अर्धं पान लिहून ठेवायचं, सहाव्या वर्षी आठवून लिहायला बसलं तर सगळे कोर्स एकसारखेच वाटतात.

असोसिएट प्रोफेसरवरून फुल प्रोफेसर, म्हणजे सगळ्यात वरच्या पदावर, जाताना फाईल तीच असली तरी प्रश्न बदलतो. तिथे स्वतःच्या वर्गाबाहेर काय केलं ते विचारलं जातं, म्हणजे डिपार्टमेंटचा अभ्यासक्रम घडवला का, नव्या प्राध्यापकांना शिकवायला शिकवलं का, आपलं कोर्स मटेरियल दुसऱ्या विद्यापीठांत वापरलं जातं का, आणि त्याचे पुरावे म्हणून तिथल्या लोकांची पत्रं लागतात.