अतिरिक्त मृत्यू (महामारीतील)

ठरावीक काळात सर्व कारणांनी मिळून झालेले मृत्यू आणि महामारी आली नसती तर त्याच काळात जेवढे झाले असते ते मृत्यू, यांतील फरकाला अतिरिक्त मृत्यू म्हणतात. रोगाने थेट घेतलेले बळी त्यात येतात, निदानच न झालेले येतात आणि दवाखाना बंद, वाहन नाही, मजुरी बुडालेली अशा कारणांनी दगावलेलेही येतात. टाळेबंदीत रस्त्यावरचे अपघात घटले तर वाचलेले ते जीव आपोआप वजा होतात. त्यामुळे हा आकडा निव्वळ स्वरूपाचा असतो, क्वचित ऋणही येतो. अल्प उत्पन्न गटातील देशांत चाचण्या तुटपुंज्या असतात आणि बहुसंख्य मृत्यू घरीच, डॉक्टरच्या दाखल्याशिवाय होतात. तेथे महामारीचा वैद्यकीय व सामाजिक परिणाम मोजण्याचे हे प्रमुख साधन मानले जाते. मात्र ज्या मृत्युनोंदीवर ते उभे आहे, तीच या देशांत सर्वांत कच्ची असते.

उगम. संकल्पनेचे जनकत्व बहुधा विल्यम फार या इंग्लंडच्या महानिबंधक कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञाला दिले जाते. १८४७-४८ च्या लंडनमधील इन्फ्लुएंझाच्या साथीत, दाखल्यांवर इन्फ्लुएंझा लिहिलेल्या मृत्यूंपेक्षा एकूण मृत्यूंतील वाढ कितीतरी मोठी असल्याचे त्याने दाखवले. ही युक्ती मात्र त्याहून जुनी दिसते. जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये लंडनच्या साप्ताहिक मृत्यू-नोंदींच्या पत्रकांचा अभ्यास करताना १६२५ च्या प्लेगवर्षाकडे लक्ष वेधले होते. त्या वर्षी प्लेगखाली सुमारे ३५ हजार मृत्यू नोंदले गेले, पण इतर कारणांखालचे मृत्यूही आगेमागेच्या वर्षांच्या दुपटीहून जास्त होते. रोगी आढळलेली घरे सक्तीने बंद केली जात, ते टाळण्यासाठी प्लेग लपवला गेला असणार, असे धरून त्याने सुमारे ११ हजारांची भर सुचवली. ग्राँटने अपेक्षित पातळीचे गणित मांडले नाही, म्हणून काहीजण त्याला जनकत्वाचा मान देत नाहीत. तथापि, नोंदीतील कारणावर विश्वास न ठेवता एकूण आकड्याकडे पाहायचे हा गाभा त्याच्याकडे आहे आणि तोच निर्णायक वाटतो. ऋतुमानानुसार वरखाली होणारी अपेक्षित रेषा समीकरणाने काढण्याची पद्धत रॉबर्ट सर्फलिंग याने १९६३ मध्ये अमेरिकेतील न्यूमोनिया-इन्फ्लुएंझा मृत्यूंसाठी मांडली. आजच्या बहुतेक प्रतिमानांचा (अंदाज काढण्याच्या गणिती मांडण्यांचा) सांगाडा तोच आहे.

गणित. साधारणपणे आधीच्या पाच वर्षांचे त्याच आठवड्याचे किंवा महिन्याचे मृत्यू घेतात आणि लोकसंख्यावाढ व दीर्घकालीन कल यांची दुरुस्ती करून अपेक्षित आकडा ठरवतात. प्रत्यक्षातून तो वजा केला की अतिरिक्त मृत्यू मिळतात. त्यांना अपेक्षित आकड्याने भागून शेकडेवारी काढली की लहानमोठ्या प्रदेशांची तुलना करता येते. आधारवर्षांत एखादे दुष्काळाचे किंवा युद्धाचे वर्ष आले असेल तर अपेक्षित पातळी फुगते. ते वर्ष का वगळले हे तेव्हा लिहावे लागते.

खरी कसोटी नोंदणीच्या पूर्णतेची. समजा, एका जिल्ह्यात मे महिन्यात ८०० नोंदी अपेक्षित आहेत आणि १,४०० झाल्या. म्हणजे नोंदीपुरते ६०० अतिरिक्त. एरवी शंभरातील ६० मृत्यूच नोंदले जात असतील, तर खरे अपेक्षित मृत्यू सुमारे १,३३३ होतात. महामारीतही पूर्णता ६० टक्केच राहिली असे धरल्यास प्रत्यक्ष २,३३३ आणि अतिरिक्त १,००० येतात. कार्यालये बंद राहून पूर्णता ५० टक्क्यांवर घसरली असेल, तर प्रत्यक्ष २,८०० आणि अतिरिक्त १,४६७ होतात. केवळ एका गृहीतकाने उत्तर जवळजवळ दीडपट होते. उलट चूकही घडते. नोंदणी दरवर्षी सुधारत असलेल्या देशात वाढलेल्या नोंदी महामारीच्या खात्यात पडतात.

दुसरी नेहमीची चूक तारखेची. मृत्यूची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळ्या असतात. भारतात १९६९ च्या कायद्याप्रमाणे नोंदीची मुदत २१ दिवसांची आहे. त्यानंतर विलंब शुल्क, एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश. टाळेबंदीत अडकलेल्या नोंदी कार्यालय उघडताच एकदम चढल्या, की नोंदणीच्या तारखेनुसार काढलेल्या आलेखावर लाट भलत्याच महिन्यात दिसते. ठिकाणाचेही तसेच. येथे नोंद मृत्यू घडला तेथे होते, राहत्या गावी नाही. त्यामुळे मोठे रुग्णालय असलेल्या शहराचा आकडा आसपासच्या तालुक्यांच्या जिवावर वाढतो.

१९१८ चा भारत. अपुऱ्या नोंदीवरून महामारी मोजण्याचा सर्वांत जास्त चर्चिला गेलेला नमुना हाच. इन्फ्लुएंझा जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरला आणि सप्टेंबरात आलेली दुसरी लाट संहारक ठरली. मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबई इलाख्याच्या खेड्यांत नोंद पाटील-कुलकर्णी-कोतवाल या यंत्रणेकडे होती. आज जातीच्या दाखल्यासाठी शोधले जाणारे कोतवाल बुक ते हेच. त्यातील कारणांच्या रकान्यात ‘ताप’ हा सर्वसमावेशक शब्द असे. मलेरिया, विषमज्वर, इन्फ्लुएंझा सगळे त्यातच. त्यामुळे त्या रकान्यावरून रोग ओळखता येत नाही, पण एकूण मृत्यू मोजता येतात. लाट ऐन भरात असताना नोंद करणारेच आजारी पडले आणि वही कोरी राहिली, ही उणीव मात्र भरून काढता येत नाही.

आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांचा प्राथमिक अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ च्या जनगणना अहवालाने तो सव्वा कोटीच्या आसपास नेला. लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये जनगणनांवरून १.८५ कोटींचा आकडा दिला व तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. आय. डी. मिल्स (१९८६) त्याच्या जवळपास, १.७ ते १.८ कोटींवर, आले. सिद्धार्थ चंद्रा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जिल्हावार जनगणना आकडे वापरून आपल्या नमुन्यातील जिल्ह्यांसाठी जास्तीत जास्त १.३९ कोटी मृत्यू धरले. डेव्हिस यांच्या गृहीतकांनी त्याच जिल्ह्यांत १.७२ कोटी येतात. दोन जनगणनांतील तूट मोजण्यात धोका असा की न जन्मलेली मुले, आधीच्या वर्षांतला प्लेग आणि १९१८ मध्ये पाऊस दगा देऊन पडलेला दुष्काळ यांची गल्लत होते. त्या दृष्टीने अलीकडचा, कमी अंदाज अधिक सावध म्हणावा लागेल. दुष्काळ आणि इन्फ्लुएंझा यांचे वाटे वेगळे करणे मात्र कोणालाच नीट साधलेले नाही. उपाशी माणसाला न्यूमोनिया झाला तर मृत्यू कोणाच्या खाती मांडायचा, हा प्रश्न आकडेमोडीने सुटत नाही.

सामाजिक बाजूसाठी मुंबई शहराची नोंद अधिक बोलकी आहे, कारण तीत समाजाचा रकाना होता. इन्फ्लुएंझाने दर हजारी मृत्यू तत्कालीन वर्गवारीतील ‘खालच्या जातीचे हिंदू’ या गटात ६१.६, इतर हिंदूंत १८.९, पारशांत ९.० आणि युरोपीयांत ८.३ होते. जातीमागे येथे चाळीतील दाटी, आहार आणि शुश्रूषेला घरी कोणी असणे-नसणे या गोष्टी दडलेल्या आहेत. त्यामुळे हा दर जातीचा की वस्तीचा, हे या तक्त्यावरून ठरवता येत नाही.

नोंदवही नसेल तेथे. कोविड-१९ च्या काळात आफ्रिकेतील बहुसंख्य देशांकडे राष्ट्रीय पातळीवरील मासिक मृत्युसंख्या नव्हती. त्या पोकळीत वेगवेगळ्या वाटा काढल्या गेल्या. झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, विद्यापीठ रुग्णालयाच्या शवागारात शहरातील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू नोंदले जातात. तेथे जून ते सप्टेंबर २०२० मध्ये मृत्यूनंतर ४८ तासांच्या आत नाक-घशाचा स्वॅब घेण्यात आला. ३६४ मृतांपैकी ५८ जणांत, म्हणजे १५.९ टक्क्यांत, प्रयोगशाळा चाचणीच्या नेहमीच्या निकषाने विषाणू सापडला. निकष सैल केल्यावर ७०, म्हणजे १९.२ टक्के. या ७० पैकी ५१ जण रुग्णालयाबाहेर वारले होते आणि त्यांपैकी एकाचीही हयातीत चाचणी झाली नव्हती. ‘आफ्रिकेत कोविड फारसा नव्हता’ या तेव्हाच्या समजाला या अभ्यासाने मोठा धक्का दिला. विषाणू सापडणे म्हणजे त्यानेच मृत्यू होणे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अशा अभ्यासात नातेवाइकांकडून लक्षणांची माहितीही घेतात.

येमेनमधील एडनमध्ये संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून दफनभूमींतील नव्या थडग्यांची वाढ मोजली आणि एप्रिल ते सप्टेंबर २०२० या काळात सुमारे २,१०० अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. दफनाची प्रथा असलेल्या, मोकळ्या जमिनीच्या शहरातच ही पद्धत चालते. जुन्या थडग्यात पुन्हा दफन होत असेल, झाडांची सावली पडत असेल किंवा दहनाची चाल असेल, तर ती निरुपयोगी ठरते.

कायमस्वरूपी लोकसंख्या-निरीक्षण क्षेत्रे हा यांहून भक्कम आधार. बांगलादेशातील मतलब (१९६६ पासून), केनियातील किलिफी आणि पुणे जिल्ह्यातील वढू ही त्यांची उदाहरणे. तेथे ठरावीक महिन्यांनी प्रत्येक घरी जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर टिपतात. आकडा खात्रीचा असतो, पण तो त्या क्षेत्रापुरताच.

मौखिक शवपरीक्षा. मृत्यू झाला हे कळले तरी कशाने, हे कळत नाही. तेव्हा प्रशिक्षित पाहणीकार मृताची शुश्रूषा केलेल्या व्यक्तीला ठरावीक प्रश्नावली विचारतो. ताप किती दिवस होता, आधी खोकला की आधी धाप, पायावर सूज, जुने आजार, कोठे नेले, किती वेळात. दुखवट्याचे दिवस टाळतात, पण फार उशीरही करत नाहीत, कारण वर्षभरानंतर लक्षणांचा क्रम विसरला जातो. उत्तरे दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवतात आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याकडे देतात. भारतातील दहा लाख मृत्यूंच्या अभ्यासात हीच रीत होती. आता संगणकीय पद्धतीही वापरतात. बालमृत्यूंसाठीचे निकष गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतील अभय व राणी बंग यांनी १९९२ मध्ये सुचवले होते. कोविडसाठी वास जाणे, बाधिताशी संपर्क आणि चाचणीचा निकाल हे प्रश्न जोडले गेले. तरीही ताप-खोकला-धाप हे त्रिकूट क्षयरोग व साध्या न्यूमोनियातही असल्याने एकट्या मृत्यूबाबत निदान डळमळीतच राहते. गटाच्या पातळीवर प्रमाण मात्र बऱ्यापैकी जमते.

याच मुलाखतीला ‘सामाजिक शवपरीक्षा’ जोडतात. थॅडियस आणि मेन यांनी माता-मृत्यूंसाठी १९९४ मध्ये मांडलेले तीन विलंब तिच्या मुळाशी आहेत. उपचार घ्यायचे ठरवण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. पैसे कोणाकडून उसने आणले, निर्णय कोणी घेतला, हे प्रश्न येथेच येतात.

घरोघरची आणि फोनवरची पाहणी. ‘गेल्या बारा महिन्यांत या घरात कोणी वारले का?’ हा प्रश्न सोपा वाटतो. पण एकटी राहणारी म्हातारी वारली की ते घर यादीतूनच उडते. कर्ता गेल्यावर कुटुंब माहेरी वा गावी पांगते, तेही सापडत नाही. पंधरा महिन्यांपूर्वीचा मृत्यू बारा महिन्यांत ओढला जातो. तान्ह्या मुलाचा मृत्यू सांगायचा राहतो. फोनवरच्या पाहणीत उत्तर देणारा बहुधा कुटुंबप्रमुख पुरुष, तुलनेने सुस्थितीतला असतो. कमी सापडलेल्या गटांच्या उत्तरांना गणनेत जास्त भार देऊन हे अंशतः सुधारते, पण ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्याविषयी गृहीतच धरावे लागते.

भारतातील वाद. भारत आज निम्न-मध्यम उत्पन्न गटात मोडतो, पण येथील वाद पद्धतीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ साठी जगात सुमारे १.४९ कोटी अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. त्यांपैकी सुमारे ४७ लाख भारतातील होते, तर २०२१ अखेर देशाची अधिकृत कोविड मृत्युसंख्या सुमारे ४.८१ लाख होती. प्रतिमान व त्यात वापरलेली राज्यांची माहिती यांवर केंद्र शासनाने आक्षेप घेतला. नागरी नोंदणीत २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये सुमारे १.०२ कोटी मृत्यू नोंदले गेले. २०२१ चा आकडा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. या वाढीतील किती वाटा नोंदणी सुधारल्याचा, हा वादाचा मुख्य मुद्दा. २०२१ ची उडी एवढी मोठी आहे की केवळ नोंदणीने ती समजावणे कठीण दिसते. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय कारण-दाखला होता. कोविडने दगावलेल्यांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या ५० हजार रुपयांच्या सानुग्रह मदतीसाठी गुजरात, तेलंगण व महाराष्ट्रात आलेले अर्ज अधिकृत कोविड मृत्यूंहून जास्त होते.

अप्रत्यक्ष परिणाम. याविषयीची सामग्री विरळ आहे. पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत (२०१४-१६) सिएरा लिओनमध्ये स्त्रिया प्रसूतीसाठी दवाखान्यात येईनाशा झाल्या. यामुळे २०१४-१५ मध्ये माता, नवजात व मृतजन्म मिळून किमान ३,६०० जादा मृत्यू झाले असावेत, असा एक अंदाज आहे. युगांडात शाळा मार्च २०२० पासून जानेवारी २०२२ पर्यंत पूर्णतः वा अंशतः बंद होत्या. असे परिणाम मृत्युसंख्येत उमटत नाहीत आणि त्यांच्यासाठी वेगळी पाहणी लागते.