सदरचं कॉफी हाऊस आणि तिथलं सँडविच

जुन्या नागपूरकरांपुढे सँडविचचा विषय काढा, बोलणं सदर भागातल्या इंडियन कॉफी हाऊसवर आलंच म्हणून समजा. तर्री पोह्यांवर जीव टाकणाऱ्या या गावात पावाच्या दोन कापांचे एवढे लाड कसे झाले, त्याची मुळं बरीच मागे आहेत.

१८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचं सैन्य हरलं, १८२१ मध्ये कामठीला इंग्रजांची छावणी पडली. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. फौज, कचेऱ्या आणि मिशनच्या शाळांमागोमाग पाव-लोणीही आलं. साहेबी खाण्याची सवय सदरला लागली ती अशी.

कॉफी हाऊसचा जन्म मात्र अडचणीतून झालेला. जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा देशातला खप वाढवण्यासाठी कॉफी उपकर समितीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ तुटली आणि हा कारभार सरकारी कॉफी बोर्डाकडे गेला. १९५०च्या दशकात बोर्डाने एकेक कॉफी हाऊस बंद करायला घेतलं. कामगारांच्या पोटावर पाय आला. तेव्हा केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन त्यांच्या पाठीशी उभे राहिले: सहकारी संस्था काढा, कॉफी हाऊस तुम्हीच चालवा. १९५७ मध्ये बंगळूरला पहिली संस्था झाली, त्याच वर्षी दिल्लीतही कामगारांचं कॉफी हाऊस सुरू झालं, आणि हे लोण देशभर गेलं. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नोकरी गेलेल्या वेटरांनी आणि स्वयंपाक्यांनी हा धंदा वाचवला, वाढवला.

पांढरा गणवेश, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा. असा वेटर प्लेट ठेवायचा. पावाचे त्रिकोणी काप, आत काकडी-टमाटर, बाजूला सॉस. लोणी पावाच्या कडेपर्यंत लावलेलं असायचं, हे मुद्दाम सांगायला हवं. सोबत जाड कपातली कॉफी. तेवढ्यावर कितीही वेळ बसा, कोणी उठवत नसे. कॉलेजातल्या पोरांना खिशात चार पैसे असताना वकिलांच्या आणि पत्रकारांच्या शेजारच्या टेबलावर बसून वाद ऐकता यायचे, ते या सवलतीमुळेच.