हात धुतल्यावर भीती का वाढते?

'मला ना ओसीडी आहे, चादरीला एक सुरकुती चालत नाही,' असं लोक कौतुकानं सांगतात. ती झाली टापटिपीची आवड. ओसीडी म्हणजे मंत्रचळ हा मनाचा आजार. तो जडलेल्या मुलाला आवड नसते, धास्ती असते. 'नीट हात धुतले नाहीत तर आई मरेल' असा विचार नको असताना डोक्यात घुसतो. तो खुळचट आहे हे बहुतेकदा त्यालाही कळतं, तरी हात नळाखाली जातात. शंभरातल्या एक ते तीन मुलांना हा आजार होतो आणि लाजेपायी बरीच मुलं तो लपवतात.

खरी गोम आहे धुतल्यावर मिळणाऱ्या सुटकेत. हात धुतले, धडधड थांबली, आई सुखरूप. मेंदू शिकतो की धुतल्यामुळेच आई वाचली. न धुता काय झालं असतं, हे पाहायची संधीच त्याला मिळत नाही. गजकर्ण खाजवावं तसं हे: क्षणभर बरं वाटतं, मग खाज वाढते. 'आई, काही होणार नाही ना?' असं मूल विसाव्यांदा विचारतं. आईचं मायेचं 'नाही रे राजा' हेसुद्धा धुण्याचंच काम करतं.

डोळ्यांच्या वरच्या बाजूचा मेंदूचा भाग, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, 'काहीतरी चुकलंय' असा इशारा देतो. तो इशारा मेंदूच्या आतल्या कॉडेट आणि थॅलॅमस या केंद्रांमधून फिरून कॉर्टेक्सकडेच येतो. या आजारात हे वर्तुळ प्रमाणाबाहेर सक्रिय दिसतं. १९९२ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी प्रौढ रुग्णांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन काढले; कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते त्यात दिसतं. गोळीनं बरं वाटलेल्यांत आणि नुसत्या वर्तनोपचारानं, म्हणजे भीती वाटूनही कृती टाळायच्या सरावानं, बरं वाटलेल्यांतही उजव्या कॉडेटमधला ग्लुकोजचा वापर उतरला होता. गोळीशिवाय, केवळ सरावानं!

म्हणूनच 'बाहेरचं लागलंय' म्हणत अंगारे-धुपाऱ्यांत गेलेले महिने मला फार टोचतात. अंगाऱ्यानं मिळणारा दिलासाही त्याच चक्रात जातो. मूल तो रोज मागू लागतं.

अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ११२ मुलांवरची चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनी, वर्तनोपचार आणि सर्ट्रालिन ही गोळी दोन्ही मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांची लक्षणं जवळजवळ मावळली होती. नुसत्या सर्ट्रालिनवर साधारण पाचांत एकाची.

वर्तनोपचारात मूल दाराच्या कडीला हात लावतं आणि धुवत नाही. भीतीला दहापैकी गुण देतं: आठ. थेरपिस्ट शेजारी बसून राहतात, धीराचं उत्तर देत नाहीत. थोड्या वेळानं सात. मग पाच. नळ बंदच आहे, आणि बाहेरच्या खोलीत आई फोनवर बोलताना ऐकू येतेय.