वजा तीनचं चिलखत

एका खेळातलं, पोलादी पत्र्यांचं अंगभर चिलखत. किंमत १५०० सोन्याची नाणी, वजन ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो. ताकद १५ पेक्षा कमी असेल तर चाल दहा फुटांनी मंदावते, आणि लपतछपत जायचं म्हटलं की फासा दोनदा टाकून त्यातला वाईट आकडा धरायचा. एवढं सगळं सोसून पदरात पडतो एसी (आर्मर क्लास, म्हणजे घाव बसणं किती अवघड याचा आकडा) १८. शेजारी खिळे ठोकलेलं चामडी जाकीट घालून भुरटा उभा असतो. त्याची चपळता २० असेल तर त्याचा एसी १७. फरक फक्त एकाचा!

हे आकडे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडी गोष्ट रचत खेळायच्या या खेळात जड चिलखतवाल्यांची ही तक्रार जुनीच आहे. खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, त्यावर जो घरगुती नियम काढतो तोही बहुतेक वेळा ठरलेला: जड चिलखत घातलं असेल तर प्रत्येक घावाचं डॅमेज, म्हणजे नुकसान, तीनने कमी. एका ओळीचा नियम, दिसायला अगदी गरीब. पण ‘तीन वजा’ ही क्रिया समोर कोण उभं आहे त्यावर पूर्ण रंग बदलते. कशी, ते पाहायला कागद-पेन्सिल पुरते.

आधी एसीचं बघू. हल्ला करणारा वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपला बोनस मिळवतो आणि बेरीज एसीइतकी किंवा त्याहून जास्त झाली की घाव बसतो. बोनस +४ आणि एसी १८ असेल, तर १४ ते २० हे सात आकडे कामाचे. सात भागिले वीस, ३५ टक्के. एसी एकाने वाढवला की सहा आकडे उरतात, ३० टक्के. यावरून ‘एक एसी म्हणजे पाच टक्के’ हे वाक्य जिकडेतिकडे फिरत असतं. ते खोटं नाही, पण दिशाभूल करणारं आहे. खेळाडूला टक्केवारी लागत नाही, घाव लागतात. घाव बसायची शक्यता ७० वरून ६५ वर आली तर चौदातला एक घाव वाचला. ३५ वरून ३० वर आली तर सातातला एक. आणि १० वरून ५ वर आली तर दोनातला एक! तोच +१, पण जितक्या वरच्या पायरीवर मिळेल तितका महाग.

म्हणून चिलखत १८, ढाल २, बचावात्मक लढाईची शैली १ आणि मित्राच्या मंत्राचे २ अशी चवड रचून कुणी २३ वर पोचला की डीएमचा चेहरा उतरतो. +४ वाल्या शत्रूला आता १९ किंवा २० च हवा. इथून आणखी एक गुण दिला तर घाव निम्मे होतात. त्यानंतरचा गुण मात्र या शत्रूपुढे फुकट जातो, कारण नियमाप्रमाणे २० पडला की घाव बसतोच.

आता वजाबाकी. दोन प्रकारचे शत्रू घेऊ. पहिले चिल्लर: चार जण, बोनस +४, प्रत्येकाचा घाव १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा, अधिक दोन), म्हणजे ३ ते ८, सरासरी साडेपाच. दुसरा दांडगा राक्षस: बोनस +८, एका फेरीत दोन हल्ले, प्रत्येक घाव ३डी८+५, सरासरी साडेअठरा. समोर एसी १८ चा योद्धा. २० पडला तर क्रिट, म्हणजे डॅमेजचे फासे दुप्पट (वरचा बोनस दुप्पट होत नाही).

चिल्लर शत्रूचा एक हल्ला: ३० टक्के वेळा साधा घाव, ०.३० × ५.५ = १.६५. पाच टक्के वेळा क्रिट, २डी६+२ ची सरासरी ९, म्हणून ०.०५ × ९ = ०.४५. बेरीज २.१. चौघांचे मिळून एका फेरीत ८.४. राक्षसाला १० किंवा वर लागतो, म्हणजे ५५ टक्के: ०.५० × १८.५ अधिक ०.०५ × ३२, बरोबर १०.८५. दोन हल्ल्यांचे २१.७.

आता तीन वजा करा. चिल्लरांचा साधा घाव साडेपाचावरून अडीचवर येतो, क्रिट नवावरून सहावर. एका हल्ल्याचे १.०५, चौघांचे ४.२. बरोब्बर निम्मे! राक्षसाचे मात्र २१.७ वरून १८.४, म्हणजे जेमतेम १५ टक्के कपात. नियम एकच, ओळ एकच. एकीकडे शत्रूचा दम अर्धा झाला, दुसरीकडे त्याला पत्ताही लागला नाही. कारण उघड आहे: वजाबाकी दर घावाला होते. २० डॅमेज एका घावात आलं तर तीन कापले जातात, चार घावांत आलं तर बारा. ठरावीक वजाबाकी हा प्रत्येक घावावरचा कर आहे, आणि करात छोटे व्यवहार आधी मरतात.

इथे आणखी एक खड्डा आहे. डॅमेज शून्याखाली जात नाही. कुणी उत्साहाने पाच वजा करायचे ठरवले आणि समोर १डी४+२ ची सुरी आली, तर शक्य आकडे ३, ४, ५, ६ आणि वजाबाकीनंतर ०, ०, ०, १. सरासरी पाव. साडेचारातून पाच गेले की वजा अर्धा, हे सरळ गणित इथे चालत नाही. शून्याला टेकलेले निकाल वेगळे मोजावे लागतात. म्हणून सरासरीतून सरासरी वजा करायची नाही. प्रत्येक निकालातून वजा करायचं, शून्याखालचे शून्य धरायचे आणि मग सरासरी काढायची. घरगुती नियमांतल्या निम्म्या चुका या एका पायरीवर होतात असं माझं मत आहे.

‘किमान एक डॅमेज बसेलच’ असं कलम जोडलं तर तीच सुरी सरासरी १ देते. हे कलम वाटतं त्यापेक्षा महत्त्वाचं, कारण शून्य डॅमेजचे परिणाम दूरवर पोचतात. एकाग्रता धरून मंत्र चालू ठेवणाऱ्याला डॅमेज झालं तरच ती टिकवण्यासाठी फासा टाकावा लागतो. शून्य झालं तर प्रश्नच मिटला. विषारी डंखाचं तसंच. विष ‘घाव बसला की’ चढतं की ‘डॅमेज झालं की’, हे आपल्या नियमात स्पष्ट लिहिलं नाही तर ऐन लढाईत वाद ठरलेला.

क्रमाचाही घोळ होतो. एखाद्याला निम्म्या डॅमेजचं संरक्षण असेल आणि घाव ११ चा आला, तर आधी तीन वजा करून निम्मे केले की ४ उरतात. आधी निम्मे केले तर (अपूर्णांक सोडून) ५, त्यातून तीन गेले की २. मूळ नियमांत वजाबाकी आधी आणि निम्मे नंतर आहे. तोच क्रम ठेवावा.

आणि दुहेरी वजाबाकी टाळावी. २०१४ च्या आवृत्तीत ‘हेवी आर्मर मास्टर’ नावाचं एक खास कौशल्य आहे, तेही जादू नसलेल्या शस्त्रांच्या डॅमेजमधून तीनच वजा करतं. घरचे तीन आणि हे तीन मिळून सहा झाले की १डी६+२ मधून उरतात ०, ०, ०, ०, १, २. सरासरी अर्धा. असा योद्धा चिल्लरांच्या गर्दीत डुलकी काढू शकतो. (२०२४ च्या सुधारित नियमांत त्या तीनच्या जागी लेव्हलबरोबर वाढणारा प्रावीण्याचा बोनस आला. लेव्हल वाढते तसे घाव मोठे होतात आणि ठरावीक तीन पुसट होत जातात, त्यावर हा उतारा.)

मग तोल साधायचा कसा? एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने थोडं काढून घ्यायचं. तीन वजा ठेवा, पण चिलखताचा एसी १८ वरून १६ करा. चिल्लरांना आता १२ पुरतो, ४५ टक्के: ०.४० × २.५ अधिक ०.०५ × ६, म्हणजे १.३, चौघांचे ५.२. मूळच्या ८.४ पेक्षा ३८ टक्के कमी. राक्षसाला ८ पुरतो, ६५ टक्के: ०.६० × १५.५ अधिक ०.०५ × २९, म्हणजे १०.७५, दोन हल्ल्यांचे २१.५. मूळचे किती होते? २१.७. राक्षसापुढे काडीचा फरक नाही, आणि गर्दीपुढे चिलखतवाला खरोखर भिंतीसारखा. एकट्या बलाढ्य शत्रूच्या लढाया बिघडत नाहीत. हाही परिणाम जास्त वाटला तर एसी १६ आणि दोन वजा करून पाहा: चिल्लरांचे ७, राक्षसाचे २२.८. म्हणजे एकीकडे १७ टक्के फायदा, दुसरीकडे ५ टक्के तोटा. घाव जास्त बसतात पण हलके बसतात, त्यामुळे टेबलावर चिलखत ‘वाजतं’ हा वरचा आनंद.

हे भौतिकशास्त्राशीही बरं जुळतं. पोलादी पत्रा दोन कामं करतो: वक्र पृष्ठभागामुळे पातं निसटतं, आणि निसटलं नाही तर धक्का मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो. १९७४ चा मूळ खेळ पहिल्या कामावर थांबला, तर १९७८ मध्ये आलेल्या ‘रूनक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळाने डॅमेज वजा करायची वाट धरली. दोन्ही अर्धसत्यं. हातोडा आणि गदेपुढे पत्रा कमी कामाचा, म्हणून बोथट शस्त्रांना तीनऐवजी एकच वजा करणं रास्त. आणि वजाबाकी शस्त्रांपुरतीच ठेवा. आगीच्या गोळ्याला पत्र्याचं काय!

सरदारांना यारीने उचलून घोड्यावर ठेवावं लागे, ही कथा मात्र टाकून द्या. लढाईचं पूर्ण चिलखत साधारण १५ ते २५ किलोचं असे आणि वजन अंगभर वाटलेलं असे; घालून पळता येई, उठता येई, घोड्यावर चढता येई. खरी किंमत वेगळीकडे होती. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या ग्रॅहॅम अॅस्क्यू आणि सहकाऱ्यांनी चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवून त्यांचा प्राणवायू मोजला. चालण्याचा ऊर्जाखर्च २.१ ते २.३ पट, पळण्याचा १.९ पट. तेवढंच वजन पाठीवर असतं तर खर्च कमी आला असता. पायांवरचं पोलाद प्रत्येक पावलागणिक झुलवावं लागतं, त्याचा हा भुर्दंड. शिवाय छाती आवळलेली असल्याने श्वास उथळ आणि भरभर होतो.

म्हणून ‘दहा फेऱ्यांनंतर थकवा’ असा नियम कुणी लिहिला की तो कागदावरच राहतो. एक फेरी सहा सेकंदांची, आणि बहुतेक लढाया तीन ते पाच फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या मिनिटात उरकतात. थकवा आणायचाच तर तो दिवसभराच्या वाटचालीत आणा. लढाईत चिलखताची खरी अडचण आहे ती चढवायला लागणारी दहा मिनिटं आणि उतरवायला लागणारी पाच. रात्री छापा पडला तर योद्धा अंगरख्यावरच असतो, आणि हे मूळ नियमांत आधीपासून आहे. बरेच डीएम ते विसरतात.

नियम लिहून झाला की दोन बैठका खेळून ‘मस्त चालतोय’ म्हणायची घाई नको. घाव बसायची शक्यता ३५ टक्के असताना २५ हल्ल्यांत सरासरी पावणेनऊ घाव बसतात, पण ४ बसले काय आणि १३ बसले काय, दोन्ही निव्वळ नशिबाने सहज होतं. ३५ आणि ४० टक्क्यांतला फरक फाशांवरून बऱ्यापैकी खात्रीने ओळखायचा तर दोन्ही नियमांखाली प्रत्येकी साधारण दीड हजार हल्ले हवेत. बैठकीला २५ हल्ले धरले तर साठ बैठका एका नियमाच्या आणि साठ दुसऱ्याच्या. कमनशिबी फासा डब्यात कोंडून ठेवणं, दुसऱ्याला हात लावू न देणं, ‘आता २० पडायलाच हवा’ असं म्हणणं, हे सगळं याच छोट्या नमुन्यांतून उगवतं. फाशाला मागचा आकडा आठवत नाही. स्प्रेडशीटमध्ये वरची दोन गणितं पंधरा मिनिटांत होतात.

तिथेच आणखी एक रकाना करा: शत्रूने तेच चिलखत घातलं तर? किल्ल्याच्या पहारेकऱ्यांना नियम लागू केला की आपल्या गटातल्या जोडशस्त्रवाल्याचा डाव्या हाताचा घाव, बोनस नसलेला १डी६, साडेतीनवरून एकवर येतो. दोन हातांनी भली तलवार फिरवणाऱ्याचा २डी६+४ अकरावरून आठवर. एकाचे ७१ टक्के गेले, दुसऱ्याचे २७. भुरट्याचा एकच पण जबर वार असतो, त्याचं फार बिघडत नाही. जोडशस्त्रवाल्याला हे पहिल्या पहारेकऱ्याशी गाठ पडण्याआधी सांगितलेलं बरं.