वेस्ट कपलिंगची गळती (वॉशबेसिन)

वॉशबेसिनच्या तळाच्या भोकात बसवलेल्या पितळी किंवा प्लास्टिकच्या नळीभोवतून पाणी झिरपणं आणि त्याची दुरुस्ती. नाशकात घरी नुसतं "बेसिन खालून गळतंय" म्हणतात, दुकानात मात्र कपलिंग (म्हणजे ही नळी), चेकनट (ती बेसिनखालून आवळणारा नट), वायसर असं नाव घेऊनच मागावं लागतं. वायसर म्हणजे वॉशरच, बोलीत बदललेला.

माप ३२ मिमीचं सांगतात, पण आट्यांवर कॅलिपर लावला तर जवळपास ४२ भरतं आणि छापलेलं माप चुकलंय असं वाटतं. ते चुकलेलं नाही, सव्वा इंची पाईपच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं ते नाव आहे. त्या पाईपचे ब्रिटिश आटे इंचाला ११ असतात. त्यांचं मूळ जोसेफ व्हिटवर्थ यांच्या १८४१ च्या मापपद्धतीत सांगतात, पण ती पद्धत बोल्ट-स्क्रूची होती आणि पाईपचे आटे तिच्यावरून पुढे बेतले गेले, म्हणून ते साल पाईपला थेट लावू नये हे बरं. कामाची गोष्ट अशी की हे आटे सरळ आहेत, निमुळते नाहीत, त्यामुळे नट कितीही आवळला तरी आटे पाणी अडवत नाहीत, अडवतो तो वायसर.

हाफ थ्रेड कपलिंगला वरच्या अंगाला खाचा असतात, ओव्हरफ्लोचं, म्हणजे बेसिन भरून वाहू नये म्हणून वरच्या भोकातून जाणारं पाणी त्यातून आत उतरतं. बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक नसेल तर फुल थ्रेडच, म्हणजे बिनखाचांचं घ्यावं, नाहीतर निचऱ्याचं पाणी खाचांतून बाहेर येऊन नळी आणि चिनीमातीच्या मधल्या फटीत साचतं आणि आट्यांवरून खाली सरकत नटाच्या कडेला थेंब धरतं. नवीन बेसिन गळतं तेव्हा खूपदा हीच चूक सापडते.

आधी सगळं कोरडं पुसून नटाभोवती टिश्यू गुंडाळायचा, बेसिन भरून एकदम सोडायचं. टिश्यू वरून भिजला तर कपलिंग, खालून भिजला तर बॉटल ट्रॅपचा, म्हणजे कपलिंगखालच्या बाटलीसारख्या भागाचा जोड. जुना वायसर काढल्यावर बोटं काळी झाली आणि तो वाकवल्यावर तडकला तर त्याचं आयुष्य संपलंय, पान्ह्याने आणखी आवळून काही होत नाही, उलट बेसिनलाच चीर जायची भीती.

सीलबद्दल दोन मतं आहेत. जुने कारागीर सफेदा (आट्यांना लावायचा पांढरा लेप) आणि धागा वापरतात, नवे टेफ्लॉन टेप गुंडाळतात. सरळ आट्यांवर टेपचा उपयोग थोडाच, त्यापेक्षा आट्यांवर आणि वायसरच्या वरच्या बाजूला सिलिकॉनची पातळ रेघ देऊन नट हाताने बसवावा, मग पाव फेरा पान्ह्याने, हे जास्त पटतं. सिलिकॉनला २४ तास पाणी लावू नये.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत वायसर टेकतो त्या जागेवर क्षाराचा पांढरा थर असतो, तो व्हिनेगरने मऊ करून पूर्ण खरवडल्याशिवाय नवा वायसर सपाट टेकत नाही.